नाकाची किंमत आणि बुडाची

नगर शहराच्या आसपास ज्याचे आयुष्य गेले त्यास बाराच्या आवाजाचे नवल राहत नाही. खारे कर्जुन्याच्या बाजूने रणगाड्यांच्या तोफांचा गडगडाट उठला म्हणजे उन्हाळ्यात आभाळ वाजले असे येथे कोणी म्हणत नाही. आणि भिंगारच्या एखाद्या चहाच्या दुकानात दोन निवृत्त सुभेदार, पीक संरक्षणाचा परवाना बाळगणारा एक बागाईतदार व कॉलेजात नेमबाजी शिकणारा एखादा मुलगा असे चौघे एका बाकावर बसून गोळी, काडतूस व नेम या विषयांचा काथ्याकूट करीत आहेत, यातही कोणास अपूर्वाई वाटत नाही. मला अपूर्वाई वाटते ती निराळ्याच गोष्टीची. अशा दहा बैठकींत दहाही वेळा एकच सिद्धान्त मांडला जातो, तो बिनविरोध मंजूर होतो आणि त्या आनंदात चहाचा दुसरा पेला मागविला जातो.

तो सिद्धान्त असा. गोळी जितकी टोकदार, जितकी लांब आणि जितकी नवी, तितकी ती अचूक. सुईला टोक असते, बाणाला टोक असते, लढाऊ विमानाला टोक असते. मग गोळीचेच नाक बोथट का असावे? जुन्या लोकांच्या गोळ्या वाटोळ्या होत्या म्हणून त्यांचे नेम चुकत. आता शास्त्र पुढे गेले, गोळ्यांना टोके आली, बुडे होडीच्या मागच्या अंगासारखी निमुळती झाली. सबब ज्या मुलखांत नेमबाजास आपली काडतुसे आपल्या हाताने भरण्याची मुभा आहे तेथे त्याने एवढेच करावे, की पुंगळीच्या तोंडातील जुन्या घाटाची गोळी जाऊन तिच्या जागी नव्या घाटाची यावी. दारू तीच, पुंगळी तीच, नळी तीच, आणि अचूकपणा मात्र आपोआप दुप्पट! आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्यावाचून काडतुसे बनविण्यास मनाई आहे, म्हणून आपण मागे. नाहीतर नगरच्या बाकाबाकावरून जगज्जेते उठले असते.

हे मत मी शक्य तितके त्याच्या कैवाऱ्यांच्या भाषेत मांडले आहे, कारण त्याची मोडतोड करून मग ते खोडणे मला प्रशस्त वाटत नाही. ते जसेच्या तसे उभे असतानाच चुकीचे आहे.

मी ज्याला काडतूस हाताने भरणे म्हणतो ते प्रथम पाहिले अकोले तालुक्यात, प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात, माझ्या थोरल्या मामांच्या ओसरीवर. मामांकडे ठासणीची बंदूक होती आणि भुईमुगात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी तिचा परवाना होता. ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक बार हाताने भरलेलाच असतो, हे आमच्या बाकावरील मंडळींच्या ध्यानात येत नाही. मामा लोखंडी पळीत शिसे वितळवीत आणि अडकित्त्यासारख्या दिसणाऱ्या साच्यात ओतीत. साचा उघडला की गोळी बाहेर पडे. तिच्या माथ्यावर ओतताना राहिलेले शेपूट असे, ते कापले म्हणजे मसुरीएवढा चपटा छेद उरे. मग मामा ती गोळी स्वैपाकघरातल्या पाटावरून हलकेच सोडीत. सरळ गेली तर ठीक. एका अंगाला वळली तर तिच्या पोटात हवेचा बुडबुडा राहिला असे समजून ती परत पळीत जाई. चांगली ठरलेली गोळी तेलाने ओली केलेल्या चिंधीत गुंडाळून नळीत उतरवायची, आणि उतरविताना तो मसुरीएवढा छेद नेमका वर, नळीच्या तोंडाकडे ठेवायचा. मी एकदा विचारले, "मामा, कुठल्याही बाजूनं टाकली तर काय होतं?" मामा म्हणाले, "काही होत नाही. फक्त डुकराच्या ऐवजी बांधाला लागते."

चौथीपर्यंत शिकलेल्या या माणसास जे कळत होते ते असे, की गोळीचा दोष तिच्या मधल्या रेषेवर असला तर तो खपतो आणि रेषेच्या बाजूस असला तर खपत नाही. आणि नळीशी गोळीचा जो सांधा जमतो त्यात चिंधीचाही वाटा असतो. टोकाचा उल्लेख यात नाही. वाटोळ्या गोळीला टोक नसतेच.

आता इतिहास. जामखेड तालुक्यातील खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची ११ मार्च १७९५ रोजी गाठ पडली तेव्हा दोन्ही फौजांच्या कवायती पलटणींच्या हाती गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या, आणि त्यांतील गोळी नळीहून जाणूनबुजून बारीक ओतलेली असे, कारण काजळीने माखलेल्या नळीतही ती झटपट उतरली पाहिजे. परिणामी ती नळीतून आपटत धडपडत बाहेर येई. शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याप्रमाणे ती स्वतःभोवती गिरकी घेई, आणि त्या गिरकीने हवेत भलतीकडे वळे. हे बेंजामिन रॉबिन्स याने विलायतेत १७४२ मध्ये छापून ठेवले होते. नेम चुकत होता तो गोळीच्या वाटोळेपणाने चुकत नव्हता, तिच्या सैलपणाने चुकत होता. तीच वाटोळी गोळी आटे पाडलेल्या नळीत चिंधीसह घट्ट बसविली की चांगली लागे.

मग आली १८४९ ची मिनिए गोळी, आणि तिच्या पाठोपाठ १८५३ ची एन्फील्ड बंदूक. या गोळीचे नाक निमुळते होते हे सर्वांनी पाहिले. पण क्रांती केली ती नाकाने नव्हे. तिचे बूड पोकळ होते. नळीत ती सैल उतरे, म्हणून भरण्यास सोपी. बार उडताच मागचा वायू त्या पोकळीत शिरून बुडाच्या कडा फाकवी, त्या आट्यांत रुतत, आणि गोळी घट्ट होऊन फिरत बाहेर पडे. सैल उतरणे आणि घट्ट निघणे या दोन परस्परविरोधी गरजा एका पोकळ बुडाने भागविल्या. आमच्या शाळांतून १८५७ च्या काडतुसाची चरबी प्रत्येक मुलास पाठ असते. त्याच काडतुसातील गोळीचे बूड मात्र एकाही मास्तराने फळ्यावर काढलेले मी पाहिले नाही.

आमच्या जिल्ह्यास शस्त्राचा अभिमान कमी आहे असे नाही. मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ साली येथे नगरास महंमद बिन हसन रूमी याने ओतली, हे आम्ही पाहुण्यास हटकून सांगतो. ती आता विजापूरच्या तटावर आहे, आणि १८५४ मध्ये ती लिलावात दीडशे रुपयांस मोडीत निघाली होती, ही हकिकतही चवीने सांगतो. पण ती तोफ काय फेकीत असे, असे पाहुण्याने विचारले म्हणजे आमची वाचा बसते. तालिकोटच्या लढाईत तीत तांब्याच्या पैशांच्या थैल्या भरून डागल्या अशी कथा आहे. ती खरी असेल तर त्या गोलंदाजास आमच्या आजच्या पंडितांहून अधिक समज होती असे म्हटले पाहिजे. समोर शंभर हातांवर घोडदळ दाटलेले असताना टोकदार गोळा शोधीत बसण्याचे कारण त्याला दिसले नाही.

तर्काने पटत नसेल त्याने प्रयोग पाहावा. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स प्रांती फ्रँकलिन मान नावाचा एक डॉक्टर होता. याने वैद्यकी बाजूस सारून आयुष्याची कित्येक वर्षे एका प्रश्नापायी खर्ची घातली, की गोळ्या एकाच ठिकाणी का पडत नाहीत. १९०९ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने गोळ्या मुद्दाम विद्रूप केल्या. काहींची नाके छाटली व ठेचली, काहींची बुडे तिरपी कापली, आणि एकाच नळीतून त्या कागदावर सोडल्या. नाक बिघडलेल्या गोळ्या थोड्याफार फरकाने जेथल्या तेथे पडल्या. बूड बिघडलेल्या गोळ्या मात्र कागदभर विखुरल्या. कारण अगदी साधे आहे. नळीच्या तोंडातून गोळीचा अखेरचा जो भाग सुटतो तो बुडाचा. बुडाची कड एका बाजूने केसभर आधी मोकळी झाली तर मागचा दाबलेला वायू त्या फटीतून निसटतो आणि जाता जाता गोळीला बाजूचा धक्का देतो. शंभर वर्षे झाली, तरी आमच्या बाकावर गोळी हातात घेणारा मनुष्य तिच्या टोकावरच अंगठा फिरवून मान डोलावतो. घोड्याची परीक्षा नुसत्या आयाळीवरून करणाऱ्यास आपण काय म्हणतो?

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर मग १ ऑगस्ट २०२४ ची घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या त्रि-स्थिती प्रकारात ४५१.४ गुण घेऊन कांस्यपदक मिळविले. या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. पन्नास मीटरवरून ते गाठावयाचे. आणि हा पराक्रम ज्या जातीच्या गोळीने होतो तिचे नाक कसे असते? गोल, बोथट, साध्या शिशाचे. पॉइंट टू टू या काडतुसाचा जन्म १८८७ चा. तेव्हापासून तिच्या घाटात सांगण्यासारखा बदल झालेला नाही. जगातील अत्यंत काटेकोर नेमबाजी ज्या गोळीने चालते ती आमच्या सिद्धान्ताप्रमाणे अडाणी ठरते! ही गोळी आवाजाच्या वेगाच्या आतबाहेर उडते. त्या वेगात बोथट नाकाला हवेचा फारसा अडथळा होत नाही, आणि पन्नास मीटरांत वाऱ्याला तिचे वाटोळे करण्यास अवधीही थोडा मिळतो. हे काडतूस घरी भरता येण्यासारखे नाही, कारण त्याचे स्फोटक पुंगळीच्या कडेतच भरलेले असते; म्हणून हे नेमबाज करतात काय, तर एकाच कारखान्याच्या एकाच घाटाच्या निरनिराळ्या खेपा आणवून, आपली नळी पकडीत आवळून, कोणती खेप तिला मानवते ते पाहतात. घाट एक, वजन एक, कारखाना एक. तरीही एक खेप एका नळीला रुचते आणि दुसरीला रुचत नाही. अचूकपणा गोळीच्या अंगचा गुण असता तर हा खटाटोप कशासाठी?

या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. गोळी दूरवर जोराने जाणे ही एक, आणि दहा गोळ्या एकाच जागी पडणे ही दुसरी. टोक आणि निमुळते बूड यांचा फायदा पहिल्या गोष्टीत आहे. हवेचा अडथळा कमी होतो, वेग टिकतो, हजार यार्डांवर वारा तिला कमी ढकलतो. एवढे मी कबूल करतो आणि येथेच थांबतो. कारण शंभर-दोनशे यार्डांवर बंदूक टेकूवर ठेवून पाच गोळ्या एका भोकात घालण्याची चुरस अमेरिकेत चालते तेथे, निवडीचे पूर्ण स्वातंत्र्य असताना, ते तज्ज्ञ लोक आखूड व चपट्या बुडाची गोळी पसंत करतात. चपटे बूड अक्षाशी काटकोनात राखणे कारागिरास सोपे जाते. मानने दाखविलेला दोष तेथे कमी शिरतो.

लष्करांचे दाखले आमचे सुभेदार नेहमी देतात, म्हणून त्यांच्याच दफ्तरातले दोन कागद काढू. इंग्रज सरकारच्या ३०३ च्या काडतुसात १९१० मध्ये सातव्या नमुन्याची गोळी आली. आधीची २१५ ग्रेनची बोथट गोळी जाऊन १७४ ग्रेनची टोकदार आली. पण सरकारने नुसती गोळी बदलली काय? गोळीच्या टोकात, कवचाखाली, शिशाऐवजी अॅल्युमिनियम भरावे लागले, म्हणजे वजन घटूनही लांबी राहावी. आणि बंदुकांवरील अंतराच्या खुणा नव्या आखाव्या लागल्या, कारण जुन्या खुणांवर नेम धरला असता गोळी भलत्याच उंचीवर गेली असती. दुसरा कागद अमेरिकेचा. तेथील सैन्याने १९२६ मध्ये निमुळत्या बुडाची १७३ ग्रेनची गोळी घेतली. ती इतकी दूर जाऊ लागली की सरावाच्या मैदानांच्या हद्दी अपुऱ्या पडल्या, आणि १९४० पर्यंत ते सैन्य मुकाट्याने चपट्या बुडाच्या हलक्या गोळीकडे परतले. नवे ते पुढचे आणि जुने ते मागचे म्हणणाऱ्यांनी या परतीच्या प्रवासास काय नाव ठेवावे?

आणि आता तो मुद्दा, ज्याला उत्तर दिलेले मी अद्याप ऐकले नाही. गोळी स्वतःभोवती फिरते म्हणून सरळ राहते, भोवऱ्यासारखी. आणि गोळी जितकी लांब तितकी ती अधिक वेगाने फिरवावी लागते. वुलिचचे गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये याचा हिशेब बसवून दिला, आणि त्या हिशेबात वजनापेक्षा लांबीची मातब्बरी मोठी आहे. ५.५६ मिलिमीटरचे काडतूस घ्या, जे आमच्या इन्सास रायफलीतही चालते. अमेरिकेच्या सुरुवातीच्या रायफलींत त्याची गोळी ५५ ग्रेनची होती आणि नळीचे आटे बारा इंचांत एक वेढा घेत. पुढे पोलादी तुकडा घातलेली ६२ ग्रेनची सुधारलेली गोळी आली. पोलाद शिशाहून हलके, म्हणून गोळी वजनाच्या मानाने बरीच लांब झाली, आणि नव्या नळ्यांत आट्यांचा वेढा सात इंचांवर आणला गेला. तीच सुधारलेली गोळी जुन्या बारा इंची वेढ्याच्या नळीतून सोडा. काडतूस नळीत बिनतक्रार बसते, बार उडतो, आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फाटका छेद दिसतो. म्हणजे गोळी आडवी होऊन पडली. नवी गोळी, सुधारलेली गोळी, टोकदार गोळी, आणि आडवी! हीच का ती दुप्पट अचूकता?

परदेशांत हाताने काडतुसे भरणाऱ्यांस याच चुकीचा प्रत्यय आता तांब्याच्या गोळ्यांनी येत आहे. शिशाचे विष गिधाडांच्या पोटात जाते म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंद केली, ते योग्यच केले. पण तांब्याची घनता ८.९६ आणि शिशाची ११.३४, त्याच वजनाची तांब्याची गोळी सुमारे सव्वापट लांब होते. ती काडतुसाची एकूण लांबी न वाढविता बसवायची तर पुंगळीत खोल जाते, दारूची जागा खाते, आतला दाब बदलतो. आणि तिच्या खांद्यापासून आट्यांच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर, जे जुन्या गोळीसाठी मोठ्या खटपटीने जमविलेले असते, तेही जाते. अतिलांब नाकाच्या गोळ्या तर या अंतराबाबत फारच लहरी असतात. केसभर फरक झाला की पसरतात. झिजलेल्या ३०३ नळ्यांतून चपट्या बुडाची गोळी बरी चालते आणि निमुळत्या बुडाची चालत नाही, हाही जुन्या लोकांचा अनुभव. निमुळते बूड झिजलेल्या जागी नळी नीट भरीत नाही. म्हणजे गोळी बदलली की दारूचे माप, बसविण्याची खोली आणि नळीचा वेढा यांची सारी सोयरीक नव्याने जुळवावी लागते. "बाकी सर्व तेच" म्हणणारा गृहस्थ नवरी बदलतो आणि पत्रिका जुनीच दाखवितो.

बाणाच्या टोकाचाही मुद्दा एकदा निकालात काढू. बाण सरळ जातो तो टोकाने नव्हे, मागच्या पिसांनी. खात्री करावयाची तर नगरचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते उघडले, आणि तेथे लोखंडाच्या अंगाला हात लावून मुले फोटो काढतात. रणगाड्यांच्या तोफांना दीर्घकाळ आटे असत. पुढे चिलखत भेदण्यासाठी गोळा इतका लांब व बारीक झाला की फिरवून तो स्थिर होईना. मग त्याला मागे पंख लावले, आणि टी-७२ रणगाड्याच्या १२५ मिलिमीटर तोफेस आटेच ठेवले नाहीत. आपल्या अर्जुनच्या १२० मिलिमीटर नळीला आटे आहेत, तर तेथे असाच पंखांचा बाण फार फिरू नये म्हणून त्याभोवती घसरते कडे घालावे लागते. खर्ड्याच्या गुळगुळीत नळीकडे शास्त्र सुमारे पावणेदोनशे वर्षांनी परत आले, कारण गोळा बदलला.

इतके ऐकल्यावर प्रतिपक्ष आपला शेवटचा पुरावा काढतो. खिशातून घडी घातलेला कागद निघतो. परदेशातील भाच्याने नव्या गोळीने मारलेली तीन भोके, एकमेकांस चिकटलेली. तीन! कोणत्याही बंदुकीतून तीन-तीन गोळ्यांचे दहा कागद मारले तर त्यांत एखादा असा निघतोच. उरलेले नऊ कागद भाच्याने मामास पाठविले नाहीत एवढेच. त्याच बंदुकीने तीनऐवजी दहा गोळ्या मारल्या की झुबका पसरणारच, कारण दूरची एखादी गोळी पडण्यास तितक्या अधिक संधी मिळतात. आणि दुसऱ्या टोकाचे जे लोक "गोळी कोणतीही द्या, हात पाहिजे" म्हणून छातीवर मूठ आपटतात त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण मला दिसत नाही. आडव्या पडणाऱ्या गोळीस हाताने सरळ करून दाखवावी.

मजकूर गृहस्थांनी भाच्यास एवढे कळवावे. एक नळी, पकडीत आवळलेली. जुन्या गोळीचे, त्या नळीला जमलेले काडतूस, दहा बार. मग नवी गोळी, बाकी सर्व तेच, दहा बार. मग तीच नवी गोळी, दारू व बसविण्याची खोली तिच्या मापाने नव्याने ठरवून, दहा बार. तिन्ही कागद न निवडता, न फाडता, भिंगारच्या त्याच बाकावर मांडावेत. दुसऱ्या कागदावरील झुबका पहिल्याहून लहान निघाला तर चहा माझ्याकडून. आणि मोजायला पट्टी मी आणीन, कारण त्या दुकानातली पट्टी टोकाला झिजलेली आहे.